गावात जाऊन कल्हई करून आणली

नाशकात अजून कल्हई करून मिळते का? मिळते. आणि झकास मिळते. फक्त त्यासाठी एक अख्खी सकाळ मोकळी ठेवायची आणि भांडी टाकून "संध्याकाळी येतो न्यायला" म्हणून निघून यायचं नाही, तिथेच ठिय्या मारून बसायचं, असं माझं तरी ठाम मत झालंय. का ते पुढे येईलच.

आमच्याकडे आईची पितळी भांडी वर्षानुवर्षं माळ्यावर पडून होती. एक दहा-बारा माणसांचा भात होईल असं दणदणीत पातेलं, एक त्याच्याहून लहान, एक तपेली आणि एक बुटकं जाडजूड भांडं ज्याला आई सतेलं म्हणते. सगळी माझ्या आजीची. मोठ्या पातेल्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलंय, त्यातलं "यांजकडून सप्रेम भेट" एवढंच आता वाचता येतं, कोणाकडून ते घासून घासून गेलं. आई म्हणते आत्याबाईंकडून. आत्याबाई आता नाहीत त्यामुळे वाद घालायला कोणी उरलेलं नाही.

भांडी खाली यायला निमित्त झालं नॉनस्टिक कढईचं. तिचं कोटिंग निघायला लागलं, भाजीत काळे कण दिसायला लागले, मग बायकोने फोनवर नवीन पितळी पातेल्यांच्या किमती बघितल्या आणि फोन नुसता माझ्यासमोर धरला, बोलली काहीच नाही. तेव्हा आईच म्हणाली, अगं माळ्यावर आहेत की चार, कल्हई तेवढी करून आणा, कशाला पैसे घालवता.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. त्यात वरण-भात शिजवला तर एकवेळ चालेल पण ताक, कढी, चिंचेची आमटी, टोमॅटो असं काही आंबट गेलं की ते पितळाला धरतं आणि पदार्थ कळकतो. रंग बदलतो, तोंडात तुरट-कडवट चव येते आणि जास्त पोटात गेलं तर मळमळायला लागतं, उलट्यासुद्धा होतात. म्हणून आतून कथलाचा पातळ थर द्यायचा, की पदार्थ आणि पितळ यांची गाठच पडत नाही. कथील आंबटाला फारसं दाद देत नाही. हाच थर म्हणजे कल्हई. तो वापरून आणि घासून हळूहळू झिजतो, भांडं आतून पिवळं दिसायला लागतं, मग परत करून घ्यायची. आमची भांडी आतून पिवळी पण नव्हती, पार काळपट तपकिरी झाली होती.

माझी कंपनी अंबडला, आम्हाला सुट्टी शनिवारी. मुलांची शाळा पण शनिवारी बंद, त्यामुळे आमच्या घरी खरा रविवार शनिवारीच असतो. पाडवा जवळ आलेला, सकाळी अजून गारवा असतो पण दहानंतर ऊन लागायला लागतं असे ते दिवस. शुक्रवारी रात्री झोपताना वाटत असतं की उद्या काही म्हणजे काही नाही, आणि सकाळी चहाच्या कपाशेजारी दोन याद्या. एक बायकोची, एक आईची. बायकोच्या यादीत पहिलंच कलम, धाकटीच्या सायकलचे पेडल काढून देणे.

हो, काढून. मला पण आधी कळेना. धाकटी सहा वर्षांची, सायकलला मागे ती दोन छोटी चाकं लावलेली, आणि त्या चाकांवर ती इतकी सवयीची झालेली की ती काढली की सायकलला हातच लावायची नाही. बायकोने कुठंतरी वाचलं होतं की आधी बॅलन्स शिकवा, पेडल नंतर. म्हणजे सपोर्टची चाकं काढायची, पेडल पण काढायचे, सीट एवढी खाली करायची की पोराचे दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतील, आणि मग पायाने ढकलत ढकलत जाऊ द्यायचं. पाय टेकतोय म्हटल्यावर पडायची भीती नाही. हळूहळू ढकल लांब होत जाते, पाय वर राहायला लागतात, बॅलन्स आपोआप येतो आणि मग पेडल बसवायचे. तर्क बरोबर वाटला. मी टूलरूममधला माणूस, पाना हातात मिळाला की मला दुसरं काही नको. फक्त कोणी करणार असेल तर एक सांगतो, सायकलचं डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं. उजवं नेहमीसारखं सुटतं, डावं मात्र नेहमी आपण जसं आवळतो त्या दिशेने फिरवलं की सुटतं. हे माहीत नसलं की माणूस जोर लावत बसतो आणि पेडल अजून घट्ट होत जातं. पेडल मारताना ते आपोआप ढिलं होऊ नये म्हणून तसं केलेलं असतं. शेजारचे काका गॅलरीतून बघत होते, म्हणाले अहो चाकं काढा ना, पेडल कशाला काढताय. त्यांना सगळं समजावून सांगितलं तरी त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

मोठा तोपर्यंत पार्किंगच्या कोपऱ्यात मान वर करून उभा. तो आठवीत आहे आणि गेल्या वर्षीपासून त्याला पक्ष्यांचा नाद लागलाय, एक वही आहे, त्यात तारीख वेळ आणि पक्षी. आमच्या कंपाउंडलगतच्या शेवग्याची एक फांदी वाळलीय, ती तोडायची म्हणून मागच्या मीटिंगमध्ये ठरलं होतं, आणि ह्याने चेअरमनना जाऊन सांगितलं की तोडू नका तिथे तांबट बीळ कोरतोय. फांदीच्या खालच्या अंगाला बरोबर गोल भोक, कंपास लावून काढल्यासारखं. तांबटाला असं मऊ वाळकं लाकूडच लागतं, आणि हे त्याचे घरट्याचेच दिवस, दिवसभर टुक टुक टुक चालू असतं, मला ते आधी कुठल्यातरी पंपाचा आवाज वाटायचा. त्या दिवशी सकाळी तो पक्षी भोकात आख्खा आत गेला आणि थोड्या वेळाने तोंड बाहेर काढून बसला. लाल कपाळ, पिवळा गळा, चिमणीपेक्षा थोडा मोठा असेल. पोरगा इतका खूश की नाश्ता करायला वर येईना. फांदी पावसाळ्यापर्यंत तोडायची नाही असं चेअरमननी कबूल केलंय, त्यामुळे त्याचं वजन सध्या सोसायटीत माझ्यापेक्षा जास्त आहे.

तर साडेनऊला आम्ही निघालो. मी, आई आणि मोठा. इंदिरानगरवरून रिक्षा केली कारण भांडी. गोणपाटात बांधलेली चार पितळी भांडी किती जड असतात हे उचलल्याशिवाय कळत नाही, आणि शिवाय गावात गाडी लावायला जागा शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात कल्हई होऊन येते. (आम्ही बाहेरच्या कॉलन्यांतले लोक जुन्या नाशकाला गावच म्हणतो. गावात जाऊन येतो म्हणजे मेनरोड, रविवार कारंजा, सराफ बाजार, भांडी बाजार हा सगळा पट्टा.) सिंहस्थाच्या कामांमुळे रस्ते कुठं खोदलेले कुठं वळवलेले, त्यामुळे रिक्षावाल्याने कुठून कुठून फिरवून आणलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही, पण सोडलं टिळक पथावर, सार्वजनिक वाचनालयाजवळ, कारण आईची पुस्तकं बदलायची होती.

वाचनालय १८४० सालचं आहे, आईची मेंबरशिप अर्थात तेवढी जुनी नाही पण ती वागते तशीच. मी आणि पोरगा खाली भांडी धरून उभे, ही आत गेली ती वीस मिनिटं बाहेर नाही. आली तेव्हा एकदम जिंकलेला चेहरा. एका पुस्तकासाठी कधीची नंबर लावून बसली होती ते मिळालं होतं. पिशवीत टाकलं पण नाही, हातातच धरून चालली.

तिथून चालत रविवार कारंजा, चांदीच्या गणपतीला रस्त्यावरूनच हात जोडले, आणि पुढे भांडी बाजाराकडे. भांडी बाजारात एका दुकानदाराला विचारलं कल्हई कुठं करून मिळेल. तो नवीन भांडी विकतो त्यामुळे मला वाटलं हा उडवाउडवी करेल, पण त्याने उठून, पायात चपला घालून, बोळाच्या तोंडापर्यंत येऊन दाखवलं. आमचीच सगळी कामं त्यांच्याकडे जातात म्हणाला.

बोळात एका जुन्या वाड्याच्या ओट्याखाली कल्हईवाल्या चाचांचं दुकान. दुकान म्हणजे काय, खाली जमिनीत एक खड्डेवजा भट्टी, बाजूला पाण्याची पत्र्याची टाकी, कोळशाचं पोतं, आणि भिंतीला टेकवलेली हॉटेलवाल्यांची ही एवढाली तपेली. भिंतीवर माझ्या छातीएवढ्या उंचीवर एक मळकट रेघ. पोराने विचारलं ही काय, तर २०१९ च्या पुराची. त्या वर्षी गंगेवरचा (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) दुतोंड्या मारुती, म्हणजे नदीकाठची ती उंच मूर्ती, पूर्ण बुडाला होता ते आम्ही टीव्हीवर बघितलं होतं, चाचांनी इथं बघितलं. भाता पण त्याच पुरात गेला म्हणाले, तेव्हापासून बिजलीका पंखा. म्हणजे पूर्वी चामड्याचा भाता हाताने ओढत बसायचे, आता एक छोटा ब्लोअर आहे, बटण दाबलं की कोळसे लाल.

आईने गोणपाट सोडलं. चाचांनी मोठं पातेलं उचलून बोटाच्या पेराने वाजवलं. टणण्. "मावशी, ये पुराना माल है, आजकाल असा पितळ येतच नाही." आईला एवढंच पाहिजे होतं. पण चाचा पुढे म्हणाले की बुडाला पोचा आहे आणि तपेलीला बहुतेक भोक. तपेलीत पाणी भरून ठेवलं, दोन मिनिटं काही नाही आणि मग खालून एक थेंब. आम्हाला कोणालाच हे माहीत नव्हतं. ते म्हणाले डाग देतो, वेगळे पैसे. आणि इथून पुढे भावाची चर्चा, ज्यात माझा सहभाग शून्य. आकार बघून भांड्यामागे भाव असतो, आणि कथील महाग आहे, किलोला हजारांत भाव आहे त्याचा, हे मला पण माहीत आहे त्यामुळे मी मनात म्हणत होतो दे की तो मागतोय तेवढे. आई कसली देते. तिने पूर्वी दारावर कल्हईवाला यायचा तेव्हा काय घ्यायचा तिथपासून सुरू केलं. चाचा हसत होते. शेवटी भाव त्यांचा राहिला पण सतेलं फुकट करून द्यायचं ठरलं, आणि दोघंही आपण जिंकलो अशा थाटात.

आता प्रत्यक्ष काम. हे मी बारीक बघितलं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पोचे काढले. लाकडी मोगरीने आतून ठोकून, खाली लोखंडाचा गोळा धरून, आणि तपेलीचं भोक बुजवलं. मग सफाई. खरी मेहनत यातच असते असं मला वाटायला लागलंय, कल्हई तर मिनिटाचं काम. चाचांचा पोऱ्या होता एक, विशी-बाविशीचा, त्याने पातळ केलेलं तेजाब फडक्याने आतून फिरवलं, मग पातेल्यात वाळू टाकली, गोणपाटाचा तुकडा टाकला, आणि चक्क पातेल्यात उभा राहिला. भिंतीतल्या खुंटीला धरायचं आणि कंबरेतून डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे. पायाखालची वाळू सगळा काळेपणा खरवडून काढते. माझा पोरगा म्हणाला मी करू का. चाचांनी छोट्या पातेल्यात करू दिलं. पाच मिनिटांत घामाघूम, पण उतरायला तयार नाही. धुतल्यावर आतून जे पितळ निघालं ते एकदम सोन्यासारखं, आई म्हणाली असंच ठेवावंसं वाटतंय रे.

आणि आता मी म्हणालो तिथेच बसायचं ते का. शिसं स्वस्त पडतं म्हणून कथलात शिसं मिसळणारे असतात, आणि शिसं पोटात जाणं म्हणजे विष, लहान मुलं असतील तर अजूनच वाईट. थर दिल्यानंतर नुसतं बघून काही कळत नाही, दोन्ही पांढरंच दिसतं. त्यामुळे कुठली कांडी वापरतायत ते समोर बघायचं. मला हे बोलायचं होतं पण माणसाला सरळ कसं विचारणार की तुम्ही भेसळ करता का. मी म्हणालो चाचा कांडी बघू का जरा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हसले, आणि कांडी माझ्या कानाजवळ धरून दोन्ही हातांनी वाकवली. कर्र कर्र कर्र. चुरचुरल्यासारखा आवाज. शुद्ध कथील वाकवलं की आतल्या स्फटिकांची ठेवण झटक्याने बदलते त्याचा तो आवाज, आम्हाला डिप्लोमाला शिकवला होता, तेव्हा पाठ करून पेपरात लिहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो भांडी बाजारात. शिशाची कांडी अशी बोलत नाही, मुकाट वाकते. आता ही काही लॅबची टेस्ट नाही, थोडीशी भेसळ असेल तर आवाजावरून सांगता येणार नाही, पण जो माणूस न सांगता कांडी वाकवून कानाशी धरतो त्याच्यावर मी विश्वास टाकला. पोराने पण वाकवून बघितली, मग आईने. चाचा म्हणाले बस करो, टूट जाएगी.

पंखा सुरू केला. कोळसे तापले की पातेलं आडवं-तिडवं फिरवत भट्टीवर, सांडशीने धरून, सगळीकडून सारखी आच लागली पाहिजे. आच कमी पडली तर कथील नीट पसरत नाही आणि जास्त झाली तर करपतं, पिवळं पडतं. कथील २३२ डिग्रीला वितळतं, म्हणजे पितळाला काही होत नाही, पितळ वितळायला नऊशेच्या आसपास जावं लागतं. चाचांकडे अर्थातच थर्मामीटर नाही. ते कांडी मधूनमधून टेकवून बघतात, ओघळली की झालं. मग चिमूटभर नवसागराची पूड आत टाकली आणि भस्सकन पांढरा धूर, नाकात असा झणझणीत जातो की डोळ्यातून पाणी. आईने पदर लावला, मी मागे सरकलो, चाचांना काहीच नाही. हा नवसागर फार महत्त्वाचा. तापलेल्या धातूवर लगेच ऑक्साइडचा थर धरतो आणि त्यावर कथील चिकटत नाही. नवसागर तापला की त्यातून जो वायू निघतो तो तो थर खाऊन टाकतो. आम्ही सोल्डरिंगला फ्लक्स वापरतो तेच काम.

लगेच कांडी दोन-तीन ठिकाणी टेकवली, कथलाचे थेंब पडले, आणि चाचांनी कापसाचा बोळा घेऊन गरम तव्यावर लोणी फिरवावं तसा आतून एक हात फिरवला. बस. जिथून बोळा गेला तिथून पितळ गायब आणि आरशासारखं पांढरं. तळ, मग भिंती, मग काठ, एक दमात, मध्ये थांबायचं नाही. सगळं मिळून मिनिटभर. मग पातेलं टाकीत. चर्रर्र. बाहेर काढून उन्हात धरलं तर आईचा चेहरा त्यात. ती किती वेळ बघत होती काय माहीत, शेवटी म्हणाली माझ्या लग्नात पण एवढं चकचकीत नव्हतं हे.

दुसरं पातेलं भट्टीवर असतानाच फोन वाजला. बायकोचा व्हिडिओ. धाकटी सोसायटीच्या मागच्या रस्त्याच्या उतारावरून येतेय, पाय दोन्ही वर उचललेले, पेडल अर्थातच नाहीत, तोंड उघडं, आणि मागून बायकोचा आवाज की "पुढे बघ पुढे बघ माझ्याकडे बघू नको". नऊ-दहा सेकंद असतील. शेवटी पाय टेकून थांबते आणि म्हणते "परत". मी तो चाचांना दाखवला, चाचांनी पोऱ्याला बोलावून दाखवला, समोरच्या दुकानातला माणूस आला त्याने पण बघितला. मग पोऱ्याने त्याचा किस्सा सांगितला की तो शिकला ती सायकल भाड्याची होती, तासाने पैसे, त्यामुळे पडायला पण वेळ नव्हता. नाशकात सायकलचं वेड आहेच, आपल्या महाजन बंधूंनी २०१५ साली सायकलवर अख्खी अमेरिका पार केली तेव्हापासून तर जास्तच. आमची अजून सोसायटीचा उतार पार करतेय. होईल.

चारही भांडी होईपर्यंत बारा वाजून गेले होते. भांडी तिथेच ठेवून आईला गंगेवर घेऊन गेलो. शनिवार, मारुतीला तेल. दुतोंड्याला लांबूनच नमस्कार, पाणी कमी होतं, पायऱ्यांवर गर्दी बऱ्यापैकी. आईचा उपवास त्यामुळे येताना साबुदाणा वडा. आम्ही दोघंही उपवास नसताना उपवासाचंच खाल्लं, शिवाय मग पोराने मिसळ पाहिजे म्हणून हट्ट केला, तर एकट्यासाठी मिसळ, पापड मोडून वर टाकलेला, रस्सा दोनदा मागून. वय तेरा. कुठं जातं काय माहीत. पाडव्याच्या साखरेच्या गाठी दुकानांत टांगलेल्या दिसल्या, त्या पण घेतल्या. भाव विचारला नाही त्यामुळे भांडी उचलून रिक्षात बसलो तरी आई थोडी नाराज.

घरी आलो तर गच्चीवर दुसराच कार्यक्रम. बायकोचे बेदाणे. तिचे नातेवाईक दिंडोरीकडचे, द्राक्षाचा सीझन उतरला की भाव पडतो आणि मग सुटे मणी, लहान घड असं काही ना काही घरी येतं. खाऊन खाऊन किती खाणार. मोठे बागायतदार पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात द्राक्ष बुडवून शेडमध्ये जाळ्यांवर वाळवतात. हिने घरगुती पद्धतीने उकळत्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून द्राक्षं क्षणभर बुडवून काढली होती. सालीवर मेणासारखा थर असतो, तो गेला आणि सालीला बारीक चिरा पडल्या की आतलं पाणी लवकर सुटतं, नाहीतर द्राक्ष वाळायच्या आधी आंबतं. मग जुन्या मच्छरदाणीखाली, सावलीत. उन्हात टाकले की काळे-तपकिरी होतात, सावलीत हिरवट पिवळे राहतात. त्या दिवशी तयार झाले म्हणून तिने जाहीर केलं. चार किलो द्राक्षांचे साधारण किलोभर बेदाणे व्हायला पाहिजेत. काट्यावर ठेवले तर बरेच कमी भरले. बायको म्हणाली वाळणं चांगलं झालंय म्हणून वजन कमी. मी पोरांकडे बघितलं. मोठा वहीत काहीतरी लिहायला लागला आणि धाकटीचे खिसे चिकट होते.

दुपारी झोप. तिच्याबद्दल काही लिहिण्यासारखं नाही, उत्तम झाली.

संध्याकाळी पेडल परत बसवले. धाकटीला वाटलं आता पेडल आले म्हणजे सकाळचं सगळं विसरायचं आणि पहिल्यापासून सुरू. एकदा वळणावर आडवी झाली, गुडघा खरचटला, हळद लावून परत खाली. मी मागे धावत होतो, सीट धरलेली नव्हती, नुसता हात पुढे. तिला सांगितलं होतं धरलंय. शेवग्यापर्यंत गेली, तिथून वळून आली, आणि येताना मला लांब उभा बघून एवढी चिडली की रागाच्या भरात अजून एक चक्कर मारली. गॅलरीतल्या काकांनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, बघा, मी सकाळीच सांगत होतो चाकं काढा.

रात्री आईने उपवास सोडायला नव्या कल्हईच्या लहान पातेल्यात आमटी केली. मुद्दाम चिंच-गुळाची. आधी त्यात पाणी उकळून टाकून दिलं, मग आमटी. मी म्हणालो एकदम आंबटच कशाला, आधी साधं वरण कर. ती म्हणाली मग कल्हई केली कशाला. चव एकदम स्वच्छ, कळकल्याचं नाव नाही. उरलेली मात्र लगेच स्टीलच्या डब्यात काढली, कल्हई असली तरी आंबट रात्रभर पितळेत ठेवायचं नाही हा तिचा नियम. बाकी चाचांनी सांगितलेलं असं की रिकामं भांडं गॅसवर तापत ठेवायचं नाही, कथील ओघळतं. तळण-फोडणी कडक आचेवर यात करायची नाही, भात, वरण, आमटी, दूध, खीर यासाठी हे भांडं. डाव लाकडाचा. आतून तारेची घासणी अजिबात नाही, साबण आणि मऊ घासणी पुरे, चिंच-लिंबू आणि पितळेची पावडर फक्त बाहेरून. रोज वापरलं तर काही महिन्यांनी तळाला पिवळं दिसायला लागेल, तेव्हा घेऊन या.

पण बहुतेक घेऊन जावं लागणार नाही. निघताना चाचा म्हणाले होते की एका जागी पंचवीस-तीस भांडी जमली तर ते भट्टी टेम्पोत टाकून सोसायटीत येतात, सकाळी येऊन दुपारपर्यंत काम आटपून जातात. मी घरी येऊन पातेल्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि जेवण होईपर्यंत लिस्ट सुरू झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची एकट्यांची सहा, त्यात एक परात. बी विंगवाले विचारतायत तांब्याचा बंब चालेल का. बंबाला कल्हई लागतच नाही, त्यात नुसतं पाणी तापतं, हे त्यांना सांगितलंय. गॅलरीतल्या काकांनी दोन भांडी लिहिलीत आणि खाली विचारलंय, भाव कोण करणार. आईने त्यांना अंगठा पाठवलाय.